बिराजदार अक्कांचे तीन तास

बिराजदार अक्का माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या दिवशी माझं ताक गेलं.

मे महिना होता. सोलापुरात मे महिन्यात भर दुपारी जो रस्त्यावर दिसतो तो एकतर परगावचा असतो किंवा त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. होटगी रोडवर माझं मेडिकल आहे आणि समोर एका डॉक्टरीणबाईंचा बायकांचा दवाखाना. तिथून एक उंच, हाडापेराने मजबूत बाई तरातरा रस्ता ओलांडून आल्या. पांढरी सुती साडी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी आणि पायात चक्क पुरुषी कॅनव्हासचे बूट. त्यांनी नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही. काउंटरची फळी उचलून त्या सरळ आत आल्या आणि त्यांनी माझा फ्रीज उघडला.

फ्रीजमध्ये इन्शुलिन होतं, धनुर्वाताची इंजेक्शनं होती आणि आदल्या दिवशी पुण्याहून आलेली नव्या रिंगांची खोकी होती. खोक्यांवर माझी ताकाची बाटली आडवी ठेवलेली होती.

"हे काय हाय?"

"ताक."

"भाईर."

"अहो, पण जेवताना..."

"अवो मेडिकल, ताक नासलं तर आंबट होतंय. हे नासलं तर बाळ होतंय. भाईर."

बाटली काउंटरवर आली. मग त्यांनी पिशवीतून एक थर्मामीटर काढून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात लावला आणि सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आकडा बघायला मला बजावलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'मेडिकल' झालो. मला नाव आहे, पदवी आहे, भिंतीवर फ्रेममध्ये लायसन आहे. सात वर्षांत त्यांनी यातलं काहीही मनावर घेतलं नाही.

अक्का मूळच्या दुधनीच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि भांडायचं असेल तर दोन्ही. सरकारी दवाखान्यात तीसेक वर्षं सिस्टर म्हणून नोकरी करून रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात येऊन बसल्या. त्यांचं काम एकच. बायकांना पाळणा लांबवायची साधनं समजावून सांगायची. गोळ्या, तांबी, इंजेक्शन, निरोध, ऑपरेशन, सगळं. त्यात ही रिंग नवीन होती आणि सोलापुरात ती कुणाला माहीत नव्हती.

मलाही धड माहीत नव्हती. दोन इंचांची, मऊ, पारदर्शक, लहान मुलीच्या बांगडीएवढी वस्तू. बाईने ती स्वतःच्या हाताने योनीमार्गात बसवायची. तिच्यातून रोज थोडं थोडं हार्मोन अंगात जातं आणि दिवस राहत नाहीत. तीन आठवडे आत ठेवायची, चौथा आठवडा मोकळा, त्यात पाळी येते, मग नवी. दुकानात असेपर्यंत फ्रीजमध्ये. घरी नेल्यावर काही महिने सावलीच्या थंड जागेत चालते. पण पत्र्याच्या घरात, सोलापूरच्या उन्हाळ्यात, सावलीची थंड जागा म्हणजे नक्की कुठली, हे कंपनीच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. अक्का उन्हाळ्यात कुणालाही एकावेळी एकच रिंग देऊ द्यायच्या आणि ती सुद्धा त्या बाईने पिशवीत माठाचं ओलं फडकं आणलेलं असेल तर.

हे सगळं मी आता भरभर लिहितोय, पण तेव्हा 'योनी' हा शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता. मी 'ती खालची रिंग' म्हणायचो, आवाज उतरवून, आणि विकताना सॅनिटरी पॅडसारखी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून द्यायचो. अक्कांनी एकदा पाहिलं.

"चोरीचा माल हाय का?"

"नाही हो, पण बायकांना संकोच वाटतो."

"बायकास्नी का तुमाला?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्या म्हणाल्या, "गुंडाळायचं का न्हाय ते तिला इचारायचं. कुणाच्या घरात सासू पिशव्या तपासती, तिला गुंडाळून द्या की, दोन कागदांत द्या. पण तुमी ठरवायचं न्हाय." तेव्हापासून मी विचारतो. माझा अनुभव असा, की दहातल्या सहाजणी म्हणतात, नको, तशीच द्या. मी उगाच इतकी वर्षं रद्दी वाया घालवली.

त्यांची शिकवण्याची पद्धत मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बरेचदा पाहिली, कारण औषधं पोचवायला मीच जायचो. समोरच्या बाईला त्या 'तंगी' म्हणायच्या. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. पन्नाशीची बाई आली तरी तंगीच. आधी प्रश्न. वय काय? बिडी-सिगारेट ओढतेस? अंगावर पाजतेस? टीबीच्या, फिटच्या गोळ्या चालू हायेत? कधी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती? मग ब्लडप्रेशर. हे सगळं डॉक्टरीणबाई पुन्हा विचारणार असत, तरी अक्का विचारायच्याच. मग एक जुनी रिंग हातात देऊन ती चिमटीत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दाबायला लावायच्या. बुधवारी घातली तर बुधवारीच काढायची आणि पुढच्या बुधवारीच नवी. काढलेली परत तिच्या पाकिटात घालून कचऱ्यात, संडासात नाही. नवरा बाहेरख्याली असेल तर निरोध वेगळा लागेल, रिंग रोग अडवत नाही. हे वाक्य नवरा शेजारी बसलेला असताना बोलायच्या. पोटरी एकदम सुजून दुखायला लागली, छातीत कळ आली, दम लागला, डोकं कधी नव्हे इतकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रिंग काढायची आणि दवाखाना गाठायचा. "उद्या न्हाय. आत्ता."

आणि शेवटी तीन तास. मधेच रिंग निसटली, काढावी लागली, तर थंड नाहीतर कोमट पाण्याने धुऊन तीन तासांच्या आत परत आत. गरम पाणी अजिबात नाही. तीन तासांच्या वर गेली तर भरवसा गेला. मग दवाखान्यात फोन, आणि सात दिवस निरोध.

एवढं झालं की अक्का हाताची घडी घालून मागे रेलायच्या आणि म्हणायच्या, "आता तू सांग." बाईने पहिल्यापासून सगळं सांगायचं. एक गोष्ट राहिली की अक्का पुन्हा आरंभापासून सुरू करायच्या. कुणाची एसटी चुकायची, कुणाचं पोर रडायचं, एकदा तर बाहेर ताटकळलेला नवरा चिडून आत आला. अक्कांनी त्यालाही बसवलं आणि त्याच्याकडून म्हणून घेतलं. बायका म्हणायच्या, शाळेत एवढा अभ्यास केला असता तर आज बँकेत असतो. पण ज्या व्हरांड्यातून जात त्या पक्क्या होऊनच जात.

एवढा हट्ट कशापायी, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बाळंतपणाच्या वॉर्डात तीस वर्षं काढली मी. लई बघितलंय."

त्यांचा मला राग यायचा, हेही लिहायला हवं. दुकान माझं आणि दरारा त्यांचा. लाइट गेली की पहिला फोन त्यांचा, "फ्रीज उघडू नगा." जणू मी तिथे फ्रीज उघडबंद करत खेळत बसलोय. आणि याच रागातून मी एक मूर्खपणा केला. माझ्या बायकोला, सुनंदाला, गोळ्यांनी मळमळायचं. मी म्हटलं, आपल्या फ्रीजमध्ये एवढी चांगली वस्तू आहे, मी शिकलेला माणूस आहे, कुणाला कशाला विचारायचं? एक रिंग घरी नेली. कागद वाचून तिला समजावलं. माझी छाती फुगली होती, कारण मी 'योनीमार्ग' हा शब्द एकदाही न अडखळता उच्चारला होता.

सहाव्या दिवशी भर दुपारी अक्का रस्ता ओलांडून आल्या. या खेपेला फळी उचलली नाही. बाहेरच उभ्या राहिल्या.

"तुमच्या मालकीणबाई आल्या हुत्या. नीट बसलीया का बघा म्हणून."

मी हसत म्हटलं, "हो, मीच दिली."

"डोकं दुखतंय त्यांचं."

"जुनी अर्धशिशी आहे तिची. लग्नाआधीपासून."

"दुखायच्या आधी काय होतंय?"

"काय होतंय म्हणजे?"

"डोळ्यापुढं रेघा येत्यात त्यांच्या. चमकणाऱ्या, नागमोडी. मग दुखतंय. तसल्या बाईला ही रिंग चालत न्हाय. डोक्यात गुठळी होऊन अर्धं अंग जाऊ शकतंय. कागदावर लिवलंय की. वाचला न्हवं तुमी?"

मी वाचला होता. त्या रेघांचं मात्र मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांच्या संसारात मी सुनंदाला डोकेदुखीच्या शेकडो गोळ्या दिल्या होत्या आणि दुखायच्या आधी काय होतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

"काढायला लावली मी. डॉक्टरीणबाईंनी तांबी सांगितलीया," अक्का म्हणाल्या. "अवो मेडिकल, दुकान तुमचं हाय. डोकं तिचं हाय."

आणि गेल्या. आवाज चढवला नाही, डॉक्टरीणबाईंकडे तक्रार केली नाही, पुन्हा कधी विषय काढला नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. इतकी शरम मला आयुष्यात दुसऱ्या कुणी वाटायला लावलेली नाही आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आता रेणुकाबद्दल सांगतो, कारण अक्का खऱ्या कळल्या त्या तिच्या वेळी.

रेणुका कुंभारीची. एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला. वय चोवीस, अंगाने काडी, बोलायला चुणचुणीत. दोन मुली, दोन्ही सिझेरियनने, आणि दोघींत सव्वा वर्षाचंही अंतर नाही. दुसऱ्या खेपेला रक्त इतकं गेलं होतं की ती वाचली हेच खूप. डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, निदान दोन वर्षं दिवस राहता कामा नयेत. राहिले तर पिशवीचा टाका तिसऱ्यांदा धरेल का, याची खात्री मी देणार नाही. नवरा समजूतदार होता, पण सासूला नातू हवा होता. ऑपरेशनला रेणुका तयार नव्हती. तांबीने अंगावरून इतकं जायला लागलं की ती काढावी लागली. गोळ्या तिने पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. त्या सासूला सापडल्या आणि चुलीत गेल्या. धाकटीचं दूध सुटल्यावर डॉक्टरीणबाईंनी रिंग सुचवली. एका ट्रस्टकडून तिला ती सवलतीत मिळायची सोय झाली. बाहेर काही दिसत नाही, सासूला सापडायला काही नाही. रेणुकासाठी ही शेवटचीच वाट होती म्हणा ना.

अक्कांनी तिला दोनदा बसवून शिकवलं. ती एका दमात सगळं म्हणून दाखवायची, तीन तासांसकट. अक्का मला म्हणाल्या होत्या, "ही तंगी लई हुशार. हिचं चुकायचं न्हाय."

आषाढात एका बुधवारी रेणुकाने रिंग घातली. पाठोपाठ श्रावण लागला. चार आठवड्यांनी, एका मंगळवारी, ती नवी रिंग न्यायला दुकानात आली. योगायोगाने अक्का माझ्याकडे थर्मामीटरचा आकडा बघायला आल्या होत्या.

"पाळी आली का गं?" अक्कांनी विचारलं.

"अजून न्हाय. उपासानं लांबली आसंल." रेणुका खुशीत होती. "पण अक्का, तुमी सांगितल्यापरमानं सगळं केलं बगा. बुधवारी घातली, बुधवारी काढली. सोमवारी तेवढी देवाला जायचं म्हणून काढून ठेवत व्हते."

अक्कांचा हात फ्रीजच्या दारावर होता. तो तिथेच राहिला.

"किती वाजता काढत व्हतीस?"

"पहाटं, आंगुळीच्या आदी. संध्याकाळी उपास सोडला की परत."

"आन् मधे कुटं ठेवत व्हतीस?"

"हळदीकुंकवाच्या डबीत. सवच्छ. आदी उकळत्या पाण्यानं धुऊन."

श्रावणातले तीन सोमवार. दर सोमवारी बारा-तेरा तास. वर उकळतं पाणी. मी मनातल्या मनात हिशेब केला.

"आगं, मी तीन तास सांगितलं व्हतं न्हवं तुला?" अक्का म्हणाल्या, पण हळू.

"ते चुकून निगाली तर म्हणला व्हता तुमी. ही म्या जाणून काढली. देवाला जाताना तसलं काय आंगात ठेवून कसं जायाचं?" ती आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघायला लागली. "का वो? काय झालं?"

मला वाटलं आता अक्कांचा आवाज चढणार. तो चढला नाही. त्या मटकन माझ्या स्टुलावर बसल्या. मी त्यांना दुकानात बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

"माजं चुकलं," त्या म्हणाल्या. "सगळं इचारलं तुला. देवाचं न्हाय इचारलं. दर सोमवारी मीबी जाती देवळात, तरी डोक्यात आलं न्हाय."

मग रेणुकाला सगळा अर्थ कळला आणि तिचं तोंड पांढरं पडलं. दिवस राहिले असतील तर काय, हे तिला डॉक्टरीणबाईंनी आधीच ऐकवलेलं होतं. ती दोन पोरींची नावं घेऊन रडायला लागली. अक्का उठल्या, तिचा दंड धरला आणि तिला रस्ता ओलांडून घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवीची चाचणी केली. काही निघालं नाही. पण इतक्या लवकर कधी कधी निघत नाही. ठरलं असं, की उलगडा होईपर्यंत नवी रिंग घालायची नाही, तोवर निरोध, आणि आठवड्याने पुन्हा चाचणी.

जाताना रेणुका दाराशी थबकली. "देवाचाच कोप झाला आसंल," ती म्हणाली.

यावर मात्र अक्का तापल्या.

"गळ्यात लिंग हाय न्हवं तुझ्या?"

"हाय."

"माझ्याबी हाय. ज्याच्या अंगावर लिंग हाय त्याला इटाळ न्हाय, आसं आपल्यात शिकवत्यात का न्हाय? आगं, अकरा वर्षं माझ्या पोटात तांबी व्हती. अकरा वर्षं दर सोमवारी मी सिद्धेश्वराच्या देवळात गेले. देवानं एकदाबी इचारलं न्हाय, बाई, आत काय घालून आलीस? त्याला काळजी तुझी हाय. तुझ्या दोन पोरींची हाय."

पुढचे सहा दिवस अक्कांनी मला सळो की पळो करून सोडलं. रोज दुपारी दुकानात यायच्या, काही न घेता उभ्या राहायच्या. रेणुकाकडे स्वतःचा फोन नव्हता. नवऱ्याच्या फोनवर सारखं विचारलं तर सासूला संशय येईल. म्हणून गुरुवारी त्या टमटममध्ये बसून कुंभारीला गेल्या, धाकटीच्या लसीचं निमित्त काढून. सासूने त्यांना चहा पाजला आणि नातवासाठी काही औषध आहे का म्हणून विचारलं. परत आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंत? म्हणाल्या, "सांगितलं की, सुनंला खायला घाल. आदी ती जगू दे."

त्या वर्षी श्रावणात पाच सोमवार होते. पाचव्या सोमवारी अक्कांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पहिल्यांदाच, आणि रेणुका अन् तिच्या सासूबरोबर देवळात गेल्या. मी दुकानात होतो. साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. माझे हात गुंतलेले होते म्हणून स्पीकर लावला. दुकानात एक रिटायर्ड मास्तर होते, एक बाळाची पावडर घ्यायला आलेला तरुण, आणि दोन कॉलेजच्या मुली.

"अवो मेडिकल!" अक्का गर्दीत बोलत असल्यासारख्या ओरडल्या. "रेणुकाची पाळी आली!"

"आली?" मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो.

"आत्ता. लायनीत हुबी आसतानाच."

परक्या बाईची पाळी आली म्हणून भर दुकानात टाळी वाजवणारा सोलापुरातला मी पहिलाच मेडिकलवाला असेन. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. कॉलेजच्या मुली खुदकन हसल्या आणि मी काय केलंय ते मला कळलं. पण लाज वाटली नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी येऊ दिलं.

तिथे काय झालं ते मला रेणुकाने नंतर सांगितलं. पाळी आल्याचं तिने अक्कांच्या कानात सांगितलं आणि म्हणाली, आता मला आत यायला जमायचं नाही. अक्कांनी सहा दिवसांपूर्वी लिंगावरून एवढं ऐकवलं होतं, तेव्हा तिला वाटलं आता ओढून नेतात. अक्का म्हणाल्या, "ब्याड तर ब्याड." म्हणजे नको तर नको. सासूला पुढे पाठवलं आणि स्वतः रांग सोडून तिच्याबरोबर तळ्याच्या पायऱ्यांवर बसल्या. श्रावणी सोमवारचं अक्कांचं दर्शन त्या वर्षी पहिल्यांदा चुकलं. बसल्या बसल्या त्यांनी आधी मला फोन केला आणि मग रेणुकाला म्हणाल्या, "पाळी आली तरी चाचणी करायचीच. थोड्या रक्तानं मी फसत न्हाय." संध्याकाळी चाचणी झाली. काही नव्हतं. पुन्हा आठवड्याने झाली, तेव्हाही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी नवी रिंग सुरू करायला सांगितलं. अक्कांनी शिवाय सात दिवसांचे निरोध माझ्याकडून मोजून घेतले.

त्यानंतर अक्कांच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न कायमचा वाढला. देवाला जाताना काय करतेस? हा प्रश्न त्यांनी वीरशैव बायकांना विचारला, मराठ्यांच्या बायकांना नवरात्राबद्दल विचारला, साखर पेठेतल्या विणकरांच्या सुनांना विचारला. रमजानच्या आधी आलेल्या एका मुलीला त्या सांगत होत्या, "रोजे में निकालना नक्को, समझे क्या? रखने का." त्यांची दखनी ऐकून ती मुलगी हसू दाबत होती, पण मान हलवत होती. आणि खरं सांगायचं तर, उत्तरं ऐकून आम्ही दोघं थक्क झालो. रेणुका एकटी नव्हती. कुणी एकादशीला काढत होती, कुणी माहेरच्या जत्रेला, कुणी लग्नात हळदीला. कुणी कधी बोललं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी अक्कांचे गुडघे गेले. दवाखान्याच्या पायऱ्या चढवेनात, तेव्हा त्या दुधनीला भाच्याकडे राहायला गेल्या. फोन करतो, तर पहिला प्रश्न फ्रीजचा असतो. जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रथमोपचाराची पेटी पोचवायची होती म्हणून मी दुपारी स्कूटरवर निघालो होतो. गणवेशाच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर जेवणाच्या सुट्टीत पंधरा-वीस बायका लिंबाखाली डबे सोडून बसल्या होत्या. मधोमध एका सिमेंटच्या ठोकळ्यावर अक्का, पाय लांब करून. मला वाटलं त्या बोलत असतील. पण बोलत होती रेणुका. उभी राहून, एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात रिंग. अंगाने भरली होती. मी स्कूटर बंद केली आणि भिंतीच्या सावलीला थांबलो.

"तुला गं एवढं कसं ठावं?" एकीने विचारलं.

"म्या चुकले व्हते," रेणुका म्हणाली. "मराया आले व्हते. म्हणून ठावं."

"आन् आता?"

"दोन वर्षं झाली. डॉक्टरीणबाई म्हणत्यात, आता पायजे तर बगू, न्हायतर नगो. मालक म्हणत्यात, तू सांगशील तसं. मी अजून सांगितलं न्हाय." बायका हसल्या.

अगदी कडेला बसलेल्या, नव्याने लग्न झालेल्या एका पोरीने डब्याकडे बघत विचारलं, "आन् सासूला कळलं तर?"

"कळलं की. मीच सांगितलं."

पोरीने आता रेणुकाकडे बघितलं.

"मग?"

"आठ दिस बोलली न्हाय माझ्याशी. नवव्या दिशी भाकरी थापताना म्हणली, माझी चार पोरं गेली, दोन राहिली. मला कुणी सांगितलं न्हाय गं."

अक्का खाली मान घालून गुडघा चोळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. चष्मा काढला, पदराने पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग तो डोळ्यांवर चढवून त्या कडेच्या पोरीकडे वळल्या.

"हं, तंगी," त्या म्हणाल्या. "पुढं इचार."